कारणाचा रकाना

सव्वीस वर्षं राजापूर डेपोत गाड्यांच्या पाट्या रंगवल्या.
शिरोरेघ आधी, मग अक्षरं तिला लटकवायची,
वलणीवर धुणं टाकावं तशी.
गावं पाहिली नव्हती.
नावं तेवढी हाताला पाठ.

निवृत्त झालो आणि गुडघ्यांना न विचारता निघालो.
दर मंगळवारी एक नाव.
डबा, छत्री, चाळीसपानी वही,
वहीत तीन रकाने: नाव, अंतर, कारण.

टोपीपडव्याला सड्याच्या टोकावर
माझी टोपी खरंच उडाली.
खाली खाडीत जाळं सोडवणाऱ्याने
वर न बघताच हात केला,
रोजचंच असावं.
दीडघरात अकरा घरं निघाली.
अर्धं कुठलं विचारलं तर बाळा शेट्ये म्हणाला,
आमच्या चुलत्याला विचारा.
चुलत्याने दार लावून घेतलं.
उपाशीटेंबावर मला दोनदा जेवू घातलं,
दुसऱ्यांदा बळजबरीने.

सलूनमध्ये खुर्चीवर बसून मी ही वही वाचायचो.
लोक हसायचे, गालावर साबण असलेलेसुद्धा.
मला बरं वाटायचं,
जणू नावं मीच ठेवली होती.

वांझखोल मुद्दाम मागे ठेवलं होतं,
पानातल्या गोडासारखं.
कारणही घरीच लिहून ठेवलं होतं, गमतीचं.

साडेसातची गाडी, शेवटचा थांबा,
पुढे जांभ्याची पाखाडी, उतरता उतरता मोजणं चुकलं.
खाली ओहोटी लागलेली.
खडकांवर वाकलेल्या बायका, हातात कोयत्या,
टक टक टक, आणि मध्येच कुणाची तरी शिवी.

"काय बघताव?"
मथुरा भायजे. साठीची, ओचा खोचलेला.
म्हटलं, नाव बघायला आलोय. पाटी माझ्या हातची.
हे जरा फुशारकीनेच.

ती हसली नाही.
"अक्षर झ्याक हाय," म्हणाली.
"माज्या थोरलीचं जुळत आलेलं दोनदा मोडलान त्या अक्षरानं.
पावने उतरायचे, पाटी वाचायचे,
त्याच गाडीनं परत."

मग कोयतीच्या टोकाने तिने एक खडक दाखवला,
काळा, गुळगुळीत, म्हशीच्या पाठीसारखा.
"वांझ तो. त्याला कालवं धरत नाय.
येवढंच."
थोड्या वेळाने, दुसऱ्याच कालवावर घाव घालत:
"मला सात."

एक कालव उघडून तिने माझ्या तळहातावर ठेवलं.
खारट, थंड, जिवंत असल्यासारखं.
ते खाल्लं, मग वही काढली,
ओल्या बोटांनी गमतीचं वाक्य खोडायला गेलो
तर पानच फाटलं.

यंदा ग्रामसभेत ठराव झाला. नवीन नाव सागरदर्शन.
हल्ली पाट्या छापून येतात,
पण डेपोतून निरोप आला: ही रंगवलेलीच पाहिजे म्हणतात,
आणि त्याच माणसाने.
पैसे घेतले नाहीत.
शिरोरेघ ओढली आणि बराच वेळ बसून राहिलो.
हाताला हे नाव ठाऊक नव्हतं,
'द'वर रफार चढवताना कुंचला लटपटला.

पहिल्या दिवशी गाडीत मी होतो, खिडकीशी.
शेवटच्या थांब्यावर कंडक्टर ओरडला,
"सागरदर्शन! चला, सागरदर्शन!"
कुणी हललं नाही.
त्याने घंटीच्या दोरीला टेकून पुन्हा हाक मारली.
ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.
बाहेर एक कोंबडा, बाकी काही नाही.

मग कंडक्टर जरा वाकला,
घरातल्या माणसाशी बोलावं तसं हळू म्हणाला,
"वांझखोल."

नऊ बायका उठल्या, टोपल्या सावरत,
मथुराबाई सगळ्यांत मागे.
मला तिथे काही काम नव्हतं.
तरी मीही उठलो.